उजवीकडचा रिकामा रकाना

मुलगा न्यू जर्सीतल्या हायस्कूलात होता तोवर नोव्हेंबरातला एक शनिवार आमच्याकडे ठरलेलाच असायचा. शाळेची क्विझ बोल स्पर्धा. यजमान शाळेची मुलं त्या दिवशी खेळत नाहीत, प्रश्न वाचतात. पालकांच्या वाट्याला पिझ्झाची खोकी नाहीतर गुणपत्रक. मी गुणपत्रक मागून घ्यायचे. गिरगावात आमच्या चाळीच्या गणपतीत प्रश्नमंजूषा व्हायची, तेव्हाही फळ्यावर गुण मीच लिहायचे. घंटा कुणाच्या तरी देवघरातली, आणि उत्तर आलं नाही की 'पास'.

इथे पास नाही. टॉसअप, म्हणजे दोन्ही संघांना खुला प्रश्न, अवघड खुणेपासून सुरू होऊन हळूहळू सोपा होत जातो आणि बझर कधीही दाबता येतो. बरोबर आलं तर 10, फार आधी ओळखलं तर 15, वाचन तोडून चुकलात तर उणे 5. टॉसअप मारणाऱ्या संघाला वर बोनसचे प्रश्न, 30 गुणांपर्यंतचे. सामन्यात टॉसअप 20. एकाच संघाने वीसच्या वीस मारले, तर त्याला 'ग्रेल' म्हणतात. सगळे टॉसअप 15 चे आणि सगळे बोनस पुरे, तर 900 होतात. तसं काही मी पाहिलेलं नाही. ग्रेल मात्र एकदा पाहिला.

दुपारची फेरी होती. बाराव्या प्रश्नापर्यंत मला पत्ताच नव्हता, मी आपली आकडे भरत होते. मग लक्षात आलं, उजवीकडचा रकाना कोरा आहे. सतराव्यानंतर समोरची चार पोरंही ते ओळखून चुकली आणि बझरवर बोटं टेकवून बसली. खोलीत कुणी खुर्चीसुद्धा सरकवेना.

विसावा प्रश्न माझा मुलगा वाचत होता. कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञ जॉन ड्यूईंच्या हाताखाली शिकलेला माणूस. मग 1927, महाड, चवदार तळं. 'चवदार'मधला च अगदी घरच्यासारखा आला, त्याचं मला उगीच कौतुक वाटलं. उत्तर जिभेवर येऊन बसलं होतं, पण गुण लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नसतं. तेवढ्यात उजवीकडच्या मुलाने बझर मारला. "गांधी." उणे 5. प्रश्न पुढे सरकला, राज्यघटनेच्या मसुदा समितीपाशी आला आणि डावीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "आंबेडकर."

बोनस धरून 645 विरुद्ध उणे 5. टाळ्या आधी हरलेल्यांनीच वाजवल्या. 'गांधी'वाला माझ्या टेबलापाशी आला, गुणपत्रकाचा फोटो काढला आणि म्हणाला, "आमचा रकाना कोरा नाही राहिला!"

रात्री गाडीत मुलगा बराच वेळ गप्प होता. घर जवळ आल्यावर म्हणाला, "आई, महाडला तुझे ओठ हलले. मी पाहिलं."