सहाव्या हिश्शाने हळू

नवी वस्तू घेताना आपण ती उलटसुलट करून बघतो, कुठे खोट नाही ना म्हणून. जुन्या व्हिडिओ गेमच्या शौकिनांचं बरोब्बर उलटं. खोट जशीच्या तशी उतरली आहे ना, यासाठी ही मंडळी रात्री जागवतात. एम्युलेटर म्हणजे तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या गेमच्या यंत्राची आजच्या कॉम्प्युटरवर वठवलेली नक्कल. ती जमली की नाही हे यंत्राच्या गुणांवरून ठरत नाही, गुण कुणालाही जमतात. यंत्र कुठे अडखळायचं, कुठे चित्र लुकलुकायचं, चालू होताना कसला आवाज काढायचं, मार्क मिळतात ते यावर.

हा नाद मलाही आहे. घरात त्याला 'बाबांची टिकटिक' म्हणतात.

गेमबॉय घ्या. 1989 सालचं, हातात मावणारं यंत्र. बटण सरकवलं की वरून निन्टेंडो या कंपनीचं नाव हळूहळू खाली उतरायचं, मधोमध येऊन थांबायचं आणि 'टि-डिंग' असा दोन सुरांचा आवाज यायचा. एवढ्यासाठी यंत्रात 256 बाइटचा एक प्रोग्रॅम कायमचा कोरलेला होता. 256 बाइटमध्ये हा परिच्छेदही मावणार नाही. आणि तेवढ्या जागेत हा पठ्ठ्या नुसती घंटा वाजवत नव्हता, पहाराही देत होता. पडद्यावर उतरणारं ते नाव यंत्राचं नसायचंच, ते खेळाच्या कॅसेटमधून वाचलेलं असायचं. यंत्र ते आपल्याजवळच्या प्रतीशी ताडून बघणार, आणि जरा फरक सापडला की तिथेच गोठून बसणार. म्हणजे परवानगीशिवाय कॅसेट काढणाऱ्याला खेळ चालवायचा तर निन्टेंडोचं नाव आत घालणं भागच, आणि नाव घातलं की ट्रेडमार्कच्या खटल्याला आयता पुरावा. वकील आणि इंजिनिअर एका टेबलावर जेवायला बसल्याशिवाय असली कल्पना सुचत नाही!

कॅसेटच्या पिनांवर धूळ असली की हेच नाव विस्कटून उतरायचं, आणि कॅसेटच नसली तर नावाच्या जागी नुसता काळा पट्टा. काम आटोपलं की हा प्रोग्रॅम स्वतःला कुलूप लावून घ्यायचा, खेळ सुरू झाल्यावर तो कुणालाही वाचता यायचा नाही. त्यामुळे एम्युलेटरवाल्यांनी कित्येक वर्षं त्याच्याशिवायच भागवलं. शेवटी 2003 मध्ये एका हौशी माणसाने चिपचं कवच उतरवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक बिट डोळ्यांनी वाचून काढला. 2048 शून्यं आणि एक. त्यानंतर एम्युलेटरमधून येणारी टि-डिंग अस्सल झाली. त्याआधीही खेळ चालत होतेच, कुणाचं काही अडलं नव्हतं. पण अडलं नव्हतं म्हणून सोडून देणारी ही जमात नव्हे.

प्लेस्टेशनचा आवाज माझ्या पिढीतल्या पुष्कळांना झोपेतही ओळखता येईल. 1994 च्या डिसेंबरात जपानमध्ये आलेलं हे यंत्र. पांढऱ्या पडद्यावर नारिंगी चौकट आणि पोटातून आल्यासारखा एक भलामोठा सूर, ताकाफुमी फुजिसावा यांनी रचलेला. मग पडदा काळा, त्यावर रंगीत 'पी' आणि 'एस', आणि चांदणं सांडल्यासारखी किणकिण. आमच्या भागात एका जिन्याखालच्या गाळ्यात तासावर खेळायला मिळायचं. तिथलं एक प्लेस्टेशन कायम उताणं ठेवलेलं असे, कारण लेझरचा भाग झिजल्यामुळे सुलट ठेवलं की ते सीडी वाचायचं नाही. काउंटरवरचा दादा पडद्याकडे बघतही नसे. पहिला सूर आला की तो गप्प राही, कारण तो सीडीविनाही यायचाच. दुसरी किणकिण आली तर "चला, तुमचा टाइम सुरू". नाही आली तर झाकण उघड, सीडी शर्टाला पूस, पुन्हा लाव. टायमर किणकिणीवर चालायचा आणि त्यावरून भांडणं व्हायची.

आजच्या एम्युलेटरमध्ये हा सगळा सोहळा वगळून थेट खेळात नेणारी सोय असते. आणि लोक काय करतात? ती सोय बंद करून ठेवतात. आपल्या जुन्या यंत्रातून त्याचा 512 केबीचा मूळ प्रोग्रॅम खटपटीने काढून घेतात आणि तो सूर संपेपर्यंत हाताची घडी घालून बसतात. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी मिनिटभर न थांबणारी माणसं ही!

पण हे आवाज मला उशिरा भेटले, आणि तेही भाड्याने. घरचं यंत्र वेगळं होतं.

मी लहान असताना मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या बाबांनी मनीष मार्केटमधून एक व्हिडिओ गेम आणला. लालबागच्या चाळीत आमच्या मजल्यावर तो पहिलाच. खोक्यावर परदेशी मुलगा हसत होता आणि सोबतच्या पिवळ्या कॅसेटवर '9999999 इन 1' असं छापलेलं होतं. खेळ मोजून निघाले बोटांवर, बाकी सगळी तीच नावं फिरून फिरून. निन्टेंडोच्या 1983 सालच्या फॅमिकॉमची ती तैवानी चिपांवर बेतलेली नक्कल होती, हे कळायला पुढची बरीच वर्षं जावी लागली. तेव्हा आमच्या लेखी तोच मूळपुरुष.

या यंत्राला चालू होतानाचा आवाजच नव्हता. अस्सल फॅमिकॉमलाही नाही. आत कुठला स्वागताचा प्रोग्रॅम नाही, बटण दाबलं की कॅसेटमधला खेळ तडक सुरू. आवाज होते ते आजूबाजूचे. टीव्हीच्या बटणाचा 'खट्ट', काच तापताना अंगावरचे केस उभे करणारी चरचर, मग मुंग्यांचा खर्रर्र आवाज. टीव्हीच्या मागे अँटेनाची वायर काढून गेमची लावायची, बारीक चकती फिरवून चॅनेल जुळवायचं. खर्रर्र विरत जाऊन आतून सर्कसचं संगीत वर येऊ लागे आणि तेवढ्यात कुणाचा तरी धक्का लागे. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची. फुंकरीने काही होत नाही, तोंडातल्या ओलाव्याने पिना उलट गंजतात, फरक पडतो तो पुन्हा नीट बसवल्याने. हे आता ठाऊक आहे. तरी त्या वेळी फुंकर मारण्याचा मान ज्याची कॅसेट त्याचाच.

आणखी एक आवाज त्या टीव्हीतून सतत यायचा, अगदी बारीक शिट्टीसारखा. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल (PAL) पद्धतीत चित्र 625 ओळींचं आणि सेकंदाला 25 वेळा, म्हणजे सेकंदाला 15,625 ओळी. तेवढ्याच कंपनांची ती शिट्टी. डोळे मिटूनही कळायचं शेजारी टीव्ही चालू आहे की नाही. परवा मी फोनवर तेवढ्या कंपनांचा सूर लावून बघितला. मला काही ऐकू येईना. आवाज वाढवला, तरी नाही. आतल्या खोलीतून लेक कानांवर हात ठेवून आली, "बाबा, बंद करा ना ते!" वाढत्या वयाबरोबर कान वरचे सूर सोडत जातात. म्हणजे कुणी माझ्यासाठी ती शिट्टी एम्युलेटरमध्ये तंतोतंत घातली, तरी ती ऐकणार माझी मुलगी, आणि वैतागणारही तीच.

यंत्राच्या स्मरणाची गोष्ट मला याहून आवडते. फॅमिकॉमच्या जातीत दोन बटणं, पॉवर आणि रिसेट. पॉवर बंद केलं की सगळं पुसलं जातं. रिसेट दाबलं तर खेळ पहिल्यापासून सुरू होतो, पण आतली मेमरी शाबूत राहते. मारिओचा खेळ चालू होताना मेमरीत जुन्या डावाच्या खुणा आहेत का बघतो, आणि असल्या तर 'टॉप' समोरचा विक्रमी आकडा तसाच ठेवतो. आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण मारिओची सुटी कॅसेट लावली की पॉवरला हात लावायची कुणाची टाप नव्हती. दिवसभराचा टॉप हा मजल्याचा मानबिंदू. संध्याकाळी एखादी काकू "किती वेळ चालू ठेवलंय रे" म्हणत बोर्डावरचं बटण खाली करायची आणि मजल्याचा इतिहास पुसला जायचा. चांगला एम्युलेटर म्हणून पॉवर आणि रिसेट वेगळे ठेवतो. त्यापुढे जाऊन, पॉवर दिल्यावर मेमरीत सुरुवातीला काय कचरा असावा, सगळी शून्यं की काहीही, हेही ठरवू देतो, कारण खऱ्या यंत्रात तो ठरलेला नसायचा.

टीव्हीवर नेम धरायची खेळातली बंदूक मात्र गेली ती गेली. बदकावर चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा आणि बंदुकीतला डोळा तो नेमक्या क्षणी टिपायचा. आजच्या पडद्यांना चित्र दाखवायला जो किंचित उशीर होतो, तेवढ्यात नेम हुकतो.

तर असा सगळा जामानिमा करून मी मेसेन नावाचा एम्युलेटर लावला, लॅमिंग्टन रोडवरून चौकोनी बटणांची यूएसबी जॉयस्टिक आणली, मारिओ सुरू केला आणि तो पळत सुटला. संगीत घाईत, कासवं घाईत, पहिल्याच खड्ड्यात मी गेलो. लेकीला काहीच वावगं वाटेना. सेटिंग नीट, सगळं अस्सल. आणि घोळ त्या अस्सलपणातच होता.

जपानी यंत्र सेकंदाला 60 चित्रं दाखवतं आणि खेळाचं सगळं गणित, पळणं, उडणं, संगीताचे ठोके, त्या चित्रांवर चालतं. आपले तेव्हाचे टीव्ही 50 चे, कारण ती 25 चित्रं प्रत्येकी दोन अर्ध्या फेऱ्यांत उतरायची. पाल टीव्हीसाठी बनवलेल्या नकली यंत्रांत चिपांचं घड्याळ असं बेतलेलं असे, की जपानी कॅसेट न बिघडता चालावी. सुरांची पट्टी जवळपास तीच राही, लय मात्र खाली येई. 60 च्या जागी 50, म्हणजे सहाव्या हिश्शाने हळू. कोजी कोंडो यांनी 1985 मध्ये बांधलेली ती चाल आमच्या मजल्याने कधी तिच्या लयीत ऐकलीच नाही. आणि आमचं ते गाजलेलं कसब? दर उडीला पाचवा हिस्सा वेळ जादा मिळत होता, दुसरं काय!

दुसरी गंमत सुरांतली. या चिपचा सूर म्हणजे चालू-बंद होणारी चौकोनी लहर. लहरीतला किती भाग चालू ठेवायचा यावर सुराचा पोत ठरतो. अर्धा ठेवला तर भरीव, बासरीकडे झुकणारा. पाव ठेवला तर चिरका, सर्दी झालेल्या माणसाने गावं तसा. बऱ्याच नकली चिपांत या दोहोंची अदलाबदल झालेली होती. मूळ रचनेत भरीव तिथे आमच्याकडे सर्दी, आणि सर्दी तिथे भरीव. चाल तीच, गाणारा भलताच.

आणि मेसेनच्या आवाजाच्या पानावर यासाठी एक खूण करायची चौकट आहे! जुन्या क्लोनसारखी अदलाबदल करा, असा तिचा अर्थ. वेगासाठीही वेगळा पर्याय आहे, 'डेंडी' नावाचा. डेंडी ही रशियात खपलेली अशीच नकली फॅमिकॉम. रशियातल्या मुलांसाठी कुणीतरी ही सोय केली आणि लालबागच्या पोरांचं त्यात भागलं. दोन्ही खुणा केल्या आणि खेळ सुरू केला. पहिल्या चार सुरांतच मी जॉयस्टिक खाली ठेवली आणि नुसता ऐकत बसलो.

माझ्या दादरच्या एका मित्राला हे बिलकूल मान्य नाही. तो बायू या टोपणनावाच्या प्रोग्रॅमरच्या पंथाचा. बायूने सुपर निन्टेंडो या यंत्रासाठी बीएसएनईएस नावाचा एम्युलेटर लिहिला, जेमतेम 3.58 मेगाहर्ट्झच्या यंत्राची बिनचूक नक्कल करायला 3 गिगाहर्ट्झचा कॉम्प्युटर लागतो हे छातीठोकपणे सांगितलं, आणि एका खेळातल्या विमानाची हरवलेली सावली पडद्यावर परत आणली. मित्राचं म्हणणं, "अरे, सावलीसाठी माणसं आयुष्य घालवतात आणि तू मुद्दाम बिघडलेला आवाज लावतोस? ती चोरीच्या मालातली चूक होती." मी म्हटलं, "मान्य. पण माझ्या घरात वाजली ती चूकच. तुझी सावली अस्सल आणि माझा आवाज बिघाड, हे कुणी ठरवलं?" यावर त्याने चहा संपवला आणि विषय पोह्यांवर नेला. त्याच्या घरी मामांनी जपानहून आणलेला खरा फॅमिकॉम होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

घरात खरा पेच आहे तो लेकीशी. तिला माझा मारिओ 'लॅग' मारतो असं वाटतं. माझे विक्रम माझ्या वेगातले, तिचे तिच्या वेगातले, आणि दोन वेगांतले आकडे एकाच यादीत लिहायला दोघांचाही विरोध. सध्या तह असा झाला आहे की काँट्रा तिच्या वेगाने आणि मारिओ माझ्या. टँकवरून बोलणी चालू आहेत.