आमची वाटचाल : पुडीतला चोथा

सुरुवातीला आम्ही वाढलेले किलीफिश, म्हणजे टाकीत पाळायचे छोटे रंगीत मासे, विकायचो. आता मुख्यतः त्यांची अंडी विकतो, आणि धंदा तरला तो याच बदलामुळे.

नोथोब्रँकियस गुंथेरी या किलीफिशच्या नराचा रंग पाहून दुकानदार हरखायचे, मासे घ्यायचे, आणि पुढच्या खेपेला म्हणायचे, "ताई, मासा टिकत नाही हो." त्यांचं खरंच होतं. हा झांझिबारचा मासा, पावसात भरणाऱ्या आणि पुढे आटणाऱ्या डबक्यांतला. त्याचाच भाऊबंद फुर्झेरी, झिंबाब्वे-मोझांबिककडचा, तर डबक्यात अवघ्या १४-१५ दिवसांत वयात येतो. पाणी आटलं की मासे मरतात, चिखलातली अंडी मात्र पुढच्या पावसापर्यंत तग धरतात. असा रंगात आलेला मासा दुकानात महिना-दीड महिना पडून राहिला, तर गिऱ्हाइकाच्या वाट्याला त्याचं म्हातारपणच येणार.

मग अंडीच का विकू नयेत? उकळून, धुतलेल्या कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) डबा टाकीत ठेवायचा. जोडी त्यात शिरून अंडी घालते. ते कोकोपीट गाळून, पिळून वर्तमानपत्रावर पसरायचं, विड्यातल्या तंबाखूइतकं ओलसर राहिलं की झिपच्या पिशवीत भरून वर तारीख टाकायची. पुढे साधारण तीन महिने वाट. थंडीत मुदत लांबते, म्हणून डिसेंबरात भरलेल्या पिशवीची तारीख आम्ही अंदाजे म्हणूनच सांगतो. खरी खूण भिंगातून दिसते : जेमतेम मिलिमीटरभर अंड्यात पिल्लाचा सोनेरी कडेचा डोळा.

पहिली पार्सलं गेली आणि फोन सुरू झाले. "ताई, पुडीत नुसता चोथा आहे!" एकाने पैसे परत मागितले, दिले. तेव्हापासून त्याच पुडीतल्या अंड्यांचा भिंगातला फोटो आधी व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, मग पुडी कुरिअरला. एप्रिल-मेमध्ये पारा चढला की कुरिअर बंद. तेव्हा पुण्यातल्यांनी कोथरूडला येऊन न्यावीत.

नायजेरिया-कॅमेरूनकडचा गार्डनेरी हा दुसरा किलीफिश त्या मानाने गुणी. वाळवण नाही, वाट पाहणं नाही. तुळशीबागेतल्या अ‍ॅक्रिलिक लोकरीचा झुबका बुचाला बांधून सोडला की त्यात अंडी घालतो. ती बोटांनी वेचता येतील इतकी टणक असतात. पाण्यातच दोन-तीन आठवड्यांत पिल्लं. दुकानांना आता हाच देतो, झाकणाची ताकीद देऊन, कारण उडी मारण्यात सगळेच किली पटाईत.

पाणी महापालिकेचंच. अनेकदा गुरुवारी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने, हे पुणेकराला सांगायला नको. बुधवारीच पिंपं भरून क्लोरीन उडायला ठेवतो. नफा बेताचा आहे. आर्टेमियाचा, म्हणजे पिल्लांना खायला घालायच्या सूक्ष्म कोळंबीच्या अंड्यांचा डबा त्यातला बराच खाऊन टाकतो. फ्रीजमधल्या ब्लडवर्मवरून (माशांच्या खाण्याच्या लाल अळ्यांवरून) घरात होणारी भांडणं हिशोबात धरलेली नाहीत.

गुंथेरी मागणाऱ्याला आम्ही आधी एकच विचारतो : आर्टेमिया काढता येतो का? अंडी उथळ, गार पाण्यात सोडली की काही तासांत पिल्लं बाहेर येतात आणि त्याच दिवशी त्यांना जिवंत खाणं लागतं. आर्टेमिया मिठाच्या पाण्यात फुटायला २४ तासांच्या आसपास घेतो, म्हणजे आदल्या दिवशीच लावलेला हवा. उत्तर 'नाही' असं आलं, तर आम्ही गार्डनेरीची जोडी देतो आणि गुंथेरीची पुडी ठेवून घेतो.