क्यूआर माझ्याच मोबाइलमध्ये, मग स्कॅन कशाने करू?

सोसायटीचा मेंटेनन्स 2,600 रुपये. 10 तारीख उलटली की 100 रुपये दंड. त्या 10 तारखेला मी अंबडला सेकंड शिफ्टला, आणि सेक्रेटरी काकांनी नोटीस बोर्डवरच्या क्यूआरचा फोटो ग्रुपवर टाकलेला: "स्कॅन करून भरा." अहो काका, फोटो ज्या मोबाइलवर आला त्याच मोबाइलने तो स्कॅन कसा करायचा? खोटं कशाला सांगू, आधी वॉशरूमच्या आरशासमोर उभा राहिलो. कॅमेरा उघडला की स्क्रीनवरून फोटो जातो, हे तिथे गेल्यावर कळलं.

पेमेंट अ‍ॅपच्या स्कॅनरमध्येच गॅलरीचं छोटं चिन्ह असतं. ते सापडलं, फोटो निवडला. "क्यूआर सापडला नाही." चार वेळा तेच.

चहाची सुट्टी संपत आलेली. फोटो मोठा करून बघितला तर लॅमिनेशनवर फ्लॅशची चकाकी, नेमकी कोपऱ्यातल्या चौकोनावर. ते तीन मोठे चौकोन दिसले तरच स्कॅनरला कोड कुठे आहे ते कळतं. मधले ठिपके थोडे पुसले तरी चालतात, कोडमध्ये तेवढी सोय असते. मी शहाणपणा करून फोटो अगदी कडेला कापला, तर आणखीच बिघडलं. भोवतीची पांढरी पट्टीही लागते म्हणे! शेवटी काकांना फोन करून फ्लॅशशिवाय, समोरून नवा फोटो मागवला. एका झटक्यात वाचला.

आणि 2,600 टाकल्यावर अ‍ॅप म्हणतं, गॅलरीतल्या क्यूआरवर 2,000 पर्यंतच. फसवणूक टाळायला हा नियम, पटतो. पण रात्री साडेनऊला नाही पटत. दोन तुकड्यांत भरलं तर खजिनदार पावतीवरून डोकं खाणार. मग शेजारच्या मशीनवरच्या पोराला फोटो पाठवला, त्याची स्क्रीन समोर धरून माझ्या कॅमेऱ्याने स्कॅन केला. दहा सेकंद! हे आधी का नाही सुचलं?

हो, पिन टाकण्याआधी वर आलेलं नाव वाचा, मी घाईत जवळजवळ विसरलोच होतो. पैशांचा नसून नुसत्या लिंकचा क्यूआर असेल तर गूगल लेन्सने गॅलरीतला फोटो सरळ वाचता येतो. मेंटेनन्ससाठी मात्र मी काकांकडे यूपीआय आयडी लिहून मागितलाय. त्यावर त्यांनी पुन्हा क्यूआरचाच फोटो पाठवला.