एक पीएसआय

टायर इंजिनिअर म्हणजे नक्की काय करता असं कुणी विचारलं की मी सांगतो, सकाळी हवा भरतो आणि दिवसभर बोलणी खातो. 2005 च्या सीझनआधीची गोष्ट, बार्सिलोनाचं विंटर टेस्टिंग. तेव्हा फॉर्म्युला वनमध्ये ब्रिजस्टोन आणि मिशेलिन समोरासमोर होत्या, त्यातल्या एकीत मी होतो, कुठल्या ते राहू द्या.

त्या वर्षी नियम आला की क्वालिफायिंग (रेसमधला सुरुवातीचा क्रम ठरवणारी फेरी) आणि अख्खी रेस टायरच्या एकाच सेटवर. आदल्या वर्षापर्यंत गाडी पेट्रोलला आली की चार नवे टायर चढायचे, आता तेच रबर 300 किलोमीटरच्या वर न्यायचं आणि तरी समोरच्यापेक्षा स्लो पडायचं नाही. म्हणून त्या हिवाळ्यात सगळ्यांचं एकच काम, लांब रन. संध्याकाळी टायरला चिकटलेला कचरा हीट गनने तापवून पट्टीने खरवडायचा, मग झीज मोजायची. समोरच्यांचा टायर हाती लागायचा नाही, मोजून आणायचे मोजून न्यायचे, त्यामुळे आमच्यातला एक जण ट्रॅकवरून चालून आला की बुटाला चिकटलेल्या रबराच्या गोळ्या काढून पिशवीत भरायचा. हसू नका, लॅबला जायच्या त्या, समोरच्यांचं कंपाउंड म्हणजे रबराचं मिश्रण बघायला.

तर बार्सिलोनाला डावा पुढचा टायर मरतो. तिसरा कॉर्नर उजवीकडे वळतो तो संपतच नाही, सगळा भार त्या एका टायरवर. आम्ही शीटवर किमान प्रेशर (पीएसआयमध्ये, हे हवेच्या दाबाचं माप) आणि कॅम्बर (चाक किती तिरपं कललेलं ते) लिहून द्यायचो, पण ती शीट म्हणजे नुसता सल्ला. हवा थोडी कमी ठेवली की टायर जमिनीला जास्त टेकतो, ग्रिप येते, टीम खूश. फक्त साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, प्रत्येक वळणात जास्त दुमडते आणि दुमडून दुमडून तापते, त्यात कॅम्बरमुळे आतला शोल्डर (टायरची कड) आधीच रगडला जात असतो.

दुपारी रेस सिम्युलेशन चालू होतं, म्हणजे ट्रॅकवर अख्ख्या रेसएवढं अंतर गाडी पळवून बघायची. ड्रायव्हर रेडिओवर म्हणाला, पुढून वायब्रेशन येतंय. टीमचा इंजिनिअर म्हणाला कचरा चिकटला असेल, चालू ठेव. गाडी पेट्रोलला आली तेव्हा मी पुढून वाकून बघितलं, आठ-नऊ सेकंद मिळतात फारतर, आणि आतल्या बाजूला, शोल्डर संपतो तिथे, केसाएवढी एक रेघ दिसली. वळसा घालून गेलेली. मी म्हटलं थांबवा. तो म्हणाला डेटा क्लीन आहे, आणि तुमचा टायर टिकत नसेल तर तसं सांगा, दुसरी कंपनी पलीकडेच उभी आहे. मी आमच्या साहेबांकडे बघितलं, साहेब स्क्रीनकडे बघत होते. गाडी गेली.

पुढच्या चार लॅप मी घड्याळ सोडून काही बघितलं नाही. मग ड्रायव्हरच कुणाला न विचारता आत आला. टायर उतरवला, ग्लोव्हजमधूनही चटका बसत होता, रेघेत अंगठ्याचं नख घातलं तर रबर सोलून वर आलं, आत कॉर्डचे धागे दिसत होते, दोन-तीन तुटलेले. सरळ रस्त्याच्या शेवटी ताशी 300 ला जाणारी गाडी आणि मध्ये हे एवढे धागे. मेकॅनिकच्या वहीत बघितलं, सकाळी शीटपेक्षा एक पीएसआय कमी भरलेलं. एक!

आज हे चाललं नसतं. आता एकटी पिरेली आहे, ती किमान प्रेशर ठरवते आणि ते पाळायला एफआयए, म्हणजे या खेळाची नियामक संस्था, लावते. 2015 ला इटलीत मोंझाच्या रेसला ड्रायव्हर हॅमिल्टनची गाडी 0.3 पीएसआयने कमी निघाली तर चौकशी लागली होती (शिक्षा झाली नाही ते सोडा). पण आमच्या वेळी टीमला नाही म्हणायची सोय नव्हती, नाही म्हटलं की पुढच्या वर्षी ती समोरच्या गोटात.

त्याच सीझनच्या जूनमध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसच्या रेसला मिशेलिनचे टायर तेराव्या कॉर्नरच्या बँकिंगवर (तिरप्या उतारावर) टिकतील याची खात्री नव्हती म्हणून 14 गाड्या फॉर्मेशन लॅपनंतर (रेस सुरू होण्याआधीच्या फेरीनंतर) सरळ पिटमध्ये वळल्या आणि रेस सहा गाड्यांची झाली, तेव्हा मला ती रेघच आठवत होती.

त्या दिवसाच्या रिपोर्टमध्ये मी प्रेशरचा आकडा लिहिला होता. साहेबांनी तो खोडला आणि लिहिलं, "वायब्रेशनमुळे रन थांबवला, कंपाउंड तपासणे."