रिओत सांबा शिकायचा तर सोमवारी पोचा

रिओ दि जानेरोला सांबासाठी जाणारे बरेच जण आधी सांबाद्रोमच्या, म्हणजे कार्निव्हलच्या मिरवणुकांसाठी बांधलेल्या प्रेक्षागृहाच्या, तिकिटांचे भाव बघतात. कार्निव्हलच्या मिरवणुका बघाव्यातच. पण सांबा कानात आणि पायांत उतरवायचा असेल, तर सुरुवात रोदापासून करावी. रोदा म्हणजे टेबलाभोवती बसलेले वादक आणि त्यांच्याभोवती उभं राहून गाणारे लोक. नवखं कुणी बरोबर असलं की आम्ही विमानाची तिकिटं सोमवार हाताशी येईल अशी काढतो. शनिवार-रविवार वादक पोटापाण्यासाठी शहरभर वाजवत असतात, सोमवार मात्र त्यांचा स्वतःचा.

सोमवारी दुपारी पहिला मुक्काम आंदाराईतला रेनासेन्सा क्लब. शहरातल्या इतर क्लबांची दारं बंद असलेल्या कृष्णवर्णीय मध्यमवर्गीय कुटुंबांनी १९५१ मध्ये तो काढला. संगीतकार मोआसिर लूझ यांनी २००५ मध्ये इथे 'सांबा दो त्राबाल्यादोर', म्हणजे कष्टकऱ्यांचा सांबा, हा सोमवारचा रोदा सुरू केला. आंदाराईत मेट्रो नाही. साएन्स पेन्या स्टेशनला उतरून पुढे टॅक्सी करावी लागते. गर्दी व्हायच्या आत पोचलात तर टेबलाजवळ उभं राहता येतं, आणि पहिल्या दिवशी नेमकं तेच हवं असतं.

कारण आधी डोळ्यांनी शिकायचं आहे. टेबलावर सगळ्यात बारीक आवाज कावाकिन्यूचा. चार तारांचं हे छोटं वाद्य पोर्तुगालमधून आलं, त्याच्या तारा रे-सोल-सी-रे अशा लावतात. त्याच्याजवळ सात तारांची गिटार, ती खालच्या पट्टीत गाण्याला उत्तरं देत जाते. मग खंजिरीसारखा पांदेइरू, काठीने वाजवायचं छोटं चपटं तांबोरीं, आणि पातेल्यावर चमचा फिरल्यासारखा खरखरणारा रेकू-रेकू. मांडीवर आडवं धरून हाताने वाजवायचं लांबट पिंप म्हणजे तांतां. रस्त्यावरच्या मोठ्या पथकात जे काम सुर्दू नावाचा ढोल करतो, ते बसलेल्या रोदात बहुतेक वेळा तांतां करतं. नजर त्याच्यावर ठेवा.

मराठी कानाची खरी अडचण इथे येते. आपल्याला समेवर वजन द्यायची सवय. भजनात, लावणीत, आरतीतसुद्धा टाळी आपोआप पहिल्या मात्रेवर पडते. सांबाचं आवर्तन दोन मात्रांचं आणि खोल, घुमणारी थाप दुसरीवर. पहिल्या मात्रेवरचा ठोका दाबलेला, कोरडा. नवखा माणूस त्या मोठ्या थापेलाच 'एक' समजतो, मग सगळं गाणं त्याच्यासाठी उलटं होतं: धृपद चुकीच्या जागी सुरू झाल्यासारखं वाटतं आणि पावलं अडखळतात. यावर उपाय एकच. पहिली दोन-तीन गाणी नाचू नका. खोल थाप आली की मनात 'दोन' म्हणा, एवढंच करत राहा. अंगात बसेपर्यंत टाळीसुद्धा नको, कारण छोट्या रोदात चुकलेली टाळी वादकांना स्पष्ट ऐकू जाते.

पांदेइरू दिसायला आपल्या खंजिरीच्या घरातला, पण वाजवण्याची रीत वेगळी. एका मात्रेचे चार भाग: अंगठा, बोटांची टोकं, तळहाताचा मागचा भाग, पुन्हा बोटांची टोकं. पहिल्या मात्रेला वाद्य धरलेल्या हाताचं बोट कातड्याला टेकवून आवाज बंद ठेवतात, दुसऱ्या मात्रेला ते काढून अंगठ्याची थाप मोकळी सोडतात. शिकणाऱ्याचं मनगट लवकर भरून येतं, कारण तो वाद्य स्थिर धरून दुसऱ्या हाताने मारत बसतो. खरं तर धरलेला हातही सतत हलका डोलत असतो, निम्मं काम तोच करतो.

आता पाय. एकट्याने नाचायच्या सांबात एका मात्रेत तीनदा वजन बदलतं. उजवा पाय जेमतेम अर्धी वीत मागे जातो आणि वजन चवड्यावर येतं. लगेच डावा जागच्या जागी वजन घेतो. मग उजवा परत डाव्याशेजारी येऊन वजन घेतो, म्हणजे पुढच्या मात्रेला मागे जायला डावा मोकळा. हे तीन ठोके घड्याळासारखे समान अंतरावर नसतात. नेमकं अंतर पांदेइरूच्या झांजा ऐकूनच पकडता येतं, मोजून नाही.

बहुतेकांचं बिघडतं ते कंबर मुद्दाम हलवायला गेल्यामुळे. गुडघे सैल ठेवले आणि वजन पुरतं बदललं की कंबर आपोआप हलते. गुडघे ताठ असतील तर माणूस नुसता उड्या मारत राहतो. दुसरी चूक मोठ्या पावलांची: पाऊल जितकं लांब तितका उशीर. खांदे शांत, नजर समोर. चप्पल सपाट आणि थोडी घसरणारी हवी. रबरी तळव्याचे धावायचे बूट जमिनीला चिकटतात आणि सगळा ताण गुडघ्यावर येतो.

त्याच रात्री पेद्रा दो साल गाठायचं. बंदराजवळच्या या खडकावर पूर्वी जहाजांतलं मीठ उतरवत. खडकात कोरलेल्या पायऱ्यांवर लोक बसतात आणि खालच्या छोट्या चौकात रोदा रंगतो. तिकीट नाही. प्रासा मावापासून चालत जाता येतं. पाऊस असला तर बेत रद्द समजा, ओल्या खडकावर उभंही राहवत नाही. वालोंगोचा धक्का इथून जवळ आहे. आफ्रिकेतून लाखो गुलाम तिथे उतरवले गेले, २०१७ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. खडकाखालच्या चौकाला पांदेइरू वादक जुआव दा बायाना यांचं नाव आहे. त्यांच्या तरुणपणी पांदेइरू हातात दिसला तरी पोलीस तो हिसकावून घेत. त्यांचा असाच जप्त झाल्यावर पिन्येरू माशादू या सिनेटरने त्यांना स्वतःच्या नावाचा मजकूर घातलेला नवा पांदेइरू भेट दिला. त्या चौकात उभं राहून वाजणारा पांदेइरू ऐकताना हे ठाऊक असायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

दोन्हीकडे रीत सारखीच. वादकांच्या टेबलावर आपला पेला ठेवायचा नाही. रिकामी खुर्ची दिसली तरी बसायचं नाही, वाद्याला हात लावायचा नाही. धृपद मात्र मोकळ्या गळ्याने गायचं. शब्द येत नसले तरी 'ला-ला' चालतं, आणि गाणाऱ्यांना ते आवडतं. पार्तिदू आल्तू सुरू झालं की कडवी जागच्या जागी रचली जातात. तेव्हा धृपद धरून ठेवणं हेच जमलेल्यांचं काम.

यानंतरच सांबा शाळेच्या, म्हणजे कार्निव्हलच्या मिरवणुकीत उतरणाऱ्या मंडळाच्या, क्वाद्रात, म्हणजे तालमीच्या सभागृहात जावं. कार्निव्हलच्या आधीचे काही महिने तालमी जोरात असतात. तारीख बघायला पणजीचा कार्निव्हल कधी आहे ते पाहिलं तरी पुरतं. दोन्ही ईस्टरच्या आधीच्या उपासकाळावर बेतलेले, दोन्हीकडे किंग मोमो. पहिल्यांदा जाणाऱ्याने मांगेराचा क्वाद्रा निवडावा असं आमचं ठाम मत आहे. इतर शाळांत एक सुर्दू दुसऱ्या मात्रेवर वाजतो, जरा वरच्या सुराचा दुसरा पहिल्या मात्रेवर त्याला उत्तर देतो आणि तिसरा मधल्या जागा भरतो. मांगेरात ते उत्तर देणारा सुर्दूच नाही. दुसऱ्या मात्रेवरची थाप एकटीच, छातीत जाणवेल इतकी मोठी येते, त्यामुळे रेनासेन्सात शिकलेलं 'दोन' इथे हरवत नाही. कपडे हिरवे-गुलाबी किंवा साधे चालतील. निळा-पांढरा पोर्तेलाचा आणि लाल-पांढरा साल्गेरूचा, ते त्यांच्या दारी जाताना घाला. कानात कापूस किंवा इअरप्लग हवेत, कारण पथकात शंभरांवर वादक असतात आणि छत पत्र्याचं असलं की आवाज दुप्पट वाटतो. तालीम मध्यरात्र उलटून चालते. लोकल तोवर बंद झालेली असते, म्हणून परतीची टॅक्सी क्वाद्राच्या आत असतानाच मोबाइलवरून बोलवा आणि ती दाराशी आल्यावरच बाहेर पडा.