भूकंपानंतर आमच्या बोअरचं पाणी

भूकंपात घराला साधी चीरही गेली नाही, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. सकाळी नळ सोडला तर मातकट, तांबूस पाणी आलं. बादली थोडा वेळ ठेवली, तळाशी बोटभर बारीक रेती बसली.

मी आधी मोटर बंद केली. रेतीने पंप झिजतो, आणि हादऱ्याने केबल ताणलेली असू शकते. वायरमनने तपासल्यावरच ती पुन्हा लावली, तीही थोडा थोडा वेळ आणि पाणी टाकीत न घेता बाहेर सोडत. पिण्याचं पाणी तोवर बाहेरून आणलं.

पातळी मोजायला पोलादी टेपच्या टोकाला वजन बांधलं आणि खालच्या भागाला खडू चोळला. बाहेर काढल्यावर खडू भिजून गडद झालेली रेघ नीट दिसते. बोअर मारताना पाणी जमिनीखाली २१ मीटरवर होतं, आता २५ मीटरवर. आमच्या उतारावर ही गत, तर खालच्या शेजाऱ्यांची विहीर मात्र वर आलेली!

बोअरवाले म्हणाले, लगेच खोल करा. माझं मन घेईना. जमीन दाबली जाते तिथे पाणी चढतं, ताणली जाते तिथे उतरतं, एवढं माहीत होतं. पण हादऱ्याने खडकातल्या बुजलेल्या भेगा मोकळ्या झाल्या, तर उंचावरचं पाणी खालीही वाहून जातं. १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपानंतर कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ डोंगरांत ओढे फुगले आणि वरची भूजल पातळी उतरली, ती अशीच. उतरण थांबते का, हे बघितल्याशिवाय ड्रिल लावायचं कशाला?

रोज पहाटे, उपशाआधी मोजलं. नऊ दिवस पाणी उतरत गेलं, मग २७ मीटरवर थांबलं. बाराव्या दिवशी ते नितळ झालं आणि मी नमुना तपासायला दिला, निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून. त्यात जंतू निघाले. खरं सांगते, नितळ पाणी बघून घरच्यांनी ते प्यायला सुरुवातच केली असती. बोअरमध्ये कॅमेरा सोडल्यावर केसिंगचा, म्हणजे बोअरच्या आतल्या संरक्षक पाइपचा, वरचा जोड सुटलेला दिसला. तिथून वरचं घाण पाणी आत झिरपत होतं. जोड दुरुस्त केला, मग क्लोरीन टाकलं. गढूळ पाण्यात त्याचा नीट उपयोग होत नाही, म्हणून तोवर थांबले होते. दुसरा नमुना पास झाला.

बोअर खोल करावी लागली नाही. पंप तेवढा दोन पाइप खाली सोडला. आज पहाटे खडूची रेघ २६ मीटरवर होती.