स्लॅबचा दोष नव्हता

चार पावसाळे आम्ही स्लॅबलाच दोष दिला.

घर बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातलं, पश्चिमेला तोंड करून. पुढं चिऱ्याच्या भिंतींचा कौलारू सोपा, मागं अप्पांनी वाढवलेली स्लॅबची खोली. त्या खोलीच्या पुढच्या भिंतीवर ओलीचा पट्टा, आणि न्हाणीकडच्या भिंतीला खालून दोन फूट लोणा, म्हणजे ओलीनं फुटलेला खार. गवंडीमामांनी खालूनच वर नजर टाकली. "स्लॅब गेलाय." वॉटरप्रूफिंगचा थर दिला. पुढच्या वर्षी परत ओल, परत थर. अप्पांचं म्हणणं, माल पातळ लावला.

मग बायकोनं पेन्सिल घेतली. ओलीच्या कडेनं रेघ मारायची आणि शेजारी तारीख. मृगात, आर्द्रात वरचा पट्टा हलला नाही. म्हाताऱ्या पावसात, म्हणजे पुष्यात, वारं सुटलं तसा एका रात्रीत वीतभर सरकला. शिवाय तो छतापासून नव्हे, छताच्या हातभर खालून सुरू होत होता. इतकी वर्षं हे कुणाला दिसलं कसं नाही, देव जाणे. न्हाणीकडची रेघ मात्र होळी आली तरी जागच्या जागी. पाऊस जाऊन पाच महिने झाले होते. म्हणजे दुखणी दोन.

एप्रिलात सगळं कडकडीत वाळल्यावर शोध सुरू केला. स्लॅबवरचं पाणी जायचं भोक चिंध्या कोंबून बंद केलं, दोन इंच पाणी भरलं आणि ४८ तास ठेवलं. अप्पा खाटेवर पडून छताकडं बघत होते. थेंब नाही.

मग भाच्याच्या हातात पाइप दिला. कौलांवर खालून वर, एकेका पट्ट्यावर अर्धा तास. वरून सुरुवात केली असती तर ओघळ सगळीकडंच गेला असता आणि काही कळलं नसतं. कौलं भिंतीला टेकतात तिथं पाणी मारलं, आणि पंचविसाव्या मिनिटाला आतून हाक आली. वर चढून पाहिलं, तर तिथली सिमेंटची पट्टी भिंतीपासून सुटलेली, नख जाईल एवढीच फट. सरळ पावसात पाणी उतारानं निघून जातं, पश्चिमेचं वारं तेच पाणी उलटं वर रेटतं. पुन्हा सिमेंट भरलं नाही, कारण वासे उन्हापावसात हलतात आणि पट्टी परत सुटते. भिंतीत खाच पाडून पत्र्याची पट्टी घातली, तिची खालची कड कौलांवर वाकवली.

दुसरं दुखणं सोपं निघालं. रात्री टाकी भरली, सगळे नळ बंद केले. सकाळी पाणी चार बोटं खाली. पुढच्या रात्री न्हाणीकडचा व्हॉल्व्ह बंद ठेवला, तर पाणी जिथल्या तिथं. प्लंबरनं भिंत फोडली आणि बोट ठेवलं, "नीर इल्लिंद बरतैत्री!" म्हणजे पाणी इथनं येतंय. आत दडलेल्या पाइपचा एल्बो पाझरत होता. वर आमचंच शहाणपण: ओल झाकायला मारलेला तीन फूट ऑइलपेंट. चिऱ्यात मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नव्हती, म्हणून ते आणखी वर चढलं. रंग आणि सिमेंटचा गिलावा दोन्ही खरवडून काढले.

यंदा म्हातारा पाऊस होऊन गेला. वरची रेघ जागची हलली नाही. खाली चिरा अजून गार लागतो, त्यामुळं ती भिंत तशीच उघडी आहे. पेंटर दोनदा येऊन विचारून गेला.